बच्चा आणि वासरू

माझी लेक अकरा महिन्यांची होती तेव्हाची गोष्ट. दुपारची वेळ होती, मी तिला मांडीवर घेऊन भरवत होते आणि ती दर घासाला मान फिरवत होती. शेवटी एकदाचे तिने तोंड उघडले, तेव्हा माझ्या तोंडून सहज निघून गेले, "शहाणा गं माझा बच्चा!" आई शेजारीच वाती वळत बसली होती. तिचे हात थांबले. ती म्हणाली, "अगं, बच्चा काय? बाळ म्हण, लेकरू म्हण, तान्हुली म्हण, छकुली म्हण. आपल्याकडे शब्दांची काय वानवा आहे, म्हणून पोरीला उसन्या शब्दाने हाक मारायची?" आणि वाती बाजूला सारून, दोन्ही हात पुढे करून, तिने नातीला आपल्याकडे बोलावले. "ये गं माझ्या वासरा."

आईने 32 वर्षे शाळेत मराठी शिकवले. तिच्या बोलण्यात अट्टाहास नसतो, पण शब्द निवडण्याची तिची सवय पक्की आहे आणि घरातल्या लहान मुलांसाठी तिने निवडलेला शब्द वासरू हाच आहे. मी तिचे वासरू होते, माझा भाऊ होता, आता माझी लेक झाली. त्या दुपारी मी तिला उत्तर दिले नाही, कारण बच्चा हा शब्द फारसी आहे हे मलाही ठाऊक होते. परंतु उसना या विशेषणाने मनात घर केले. ज्या शब्दाने मी माझ्या मुलीला दिवसातून पन्नास वेळा हाक मारते, तो कुठून आला आणि इथे येण्यापूर्वी त्याचा अर्थ काय होता, हे आपल्याला माहीत असायला हवे असे वाटू लागले. तिच्या झोपेच्या वेळा मग मी कोश आणि व्युत्पत्तीची पुस्तके चाळण्यात घालवल्या.

आईच्या हरकतीमागे मोठी परंपरा आहे हे आधी सांगितले पाहिजे. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो कारभारात शिरलेल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी. त्या कोशाचे दहा वर्ग आहेत. राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, शस्त्रवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग अशी त्यांची नावे वाचत गेले की राज्य चालवायला किती प्रकारचे शब्द लागतात ते कळते. त्यानंतर अडीचशे वर्षांनी, 1925 साली, माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे कवी माधव जूलियन यांनी, फार्शी-मराठी कोश सिद्ध केला आणि पुढे 1938 साली त्यांनीच भाषाशुद्धीची बाजू मांडणारे पुस्तक लिहिले. परक्या शब्दांची इतक्या प्रेमाने मोजदाद करणारा आणि त्यांच्यावाचून आपली भाषा चालली पाहिजे असे मानणारा माणूस एकच होता, याचे मला आश्चर्य वाटत नाही. शब्दांवर जीव असल्याशिवाय या दोन्ही गोष्टी होत नाहीत. माझ्या आईतही ही दोन्ही माणसे आहेत.

मात्र राज्यव्यवहारकोशाच्या दहा वर्गांत पाळण्याचा वर्ग नाही. फौज, दप्तर, वकील, कागद हे शब्द कारभारातून आले. कचेरीत जाणाऱ्याला ते शिकावेच लागत. मुलाला हाक मारण्यासाठी परका शब्द शिकण्याची सक्ती कोणत्याही राज्याने कोणावर केली नसेल. इ. स. 1347 मध्ये बहमनी राज्य उभे राहिले आणि त्यानंतर कित्येक पिढ्या दख्खनमध्ये फारसी, दखनी आणि मराठी एकमेकींच्या शेजारी राहिल्या. माझी समजूत अशी की बच्चा हा शब्द दरबारातून आलेला नसून शेजारपाजारातून, दखनी आणि हिंदी बोलणाऱ्यांच्या तोंडून, कडेवर मूल घेऊन उंबऱ्याशी बोलत उभ्या असलेल्या बायकांच्या गप्पांतून आला असावा. अशा शब्दाला परवाना लागत नाही.

तो परका आहे हे ओळखायचे कसे? कोश उघडण्याची गरज नाही, कानाने ऐकले तरी पुरते. प्राकृतातल्या जोडाक्षराचे मराठीने काय केले ते पाहावे. सप्तचे सत्त झाले आणि सत्तचे सात. हस्तचे हत्थ झाले आणि हत्थचे हात. कर्मचे कम्म आणि कम्मचे काम. जोडाक्षर सोडवायचे आणि आधीचा स्वर लांबवायचा, अशी मराठीची जुनी रीत आहे. बच्चा या शब्दातला च्च मात्र जसाच्या तसा, कडकडीत उभा आहे. तो आपल्या जात्यातून गेलेलाच नाही. दुसरी खूण पहिल्याच अक्षरात आहे. जुन्या व या ध्वनीचा हिंदीने ब केला, मराठीने तो जपला. बाघ आणि वाघ, बीस आणि वीस, बिजली आणि वीज, बाट आणि वाट, बिकना आणि विकणे. म्हणून व असण्याची शक्यता असलेल्या शब्दात ब ऐकू आला की मराठी कानाने जरा थांबावे.

मी थांबले ते इथेच. बच्चामधल्या ब च्या जागी व ठेवून पाहिला तर काय दिसते, असा विचार मनात आला आणि कागदावर तसे लिहून पाहिले. वच्चा. त्याच्या शेजारी, प्राकृतात वत्सचे जे रूप होते, तेही लिहिले. वच्छ. मग बराच वेळ मी त्या दोन शब्दांकडे नुसती पाहत राहिले.

दोन शब्द सारखे दिसतात म्हणून ते नात्यातले ठरत नाहीत. व्युत्पत्तीच्या नावाखाली अशी दिसण्यावरून जुळवलेली नाती आपल्याकडे फार फिरतात आणि ती मला मनापासून खटकतात. शब्दाचे नाते सिद्ध होते ते ध्वनींच्या नियमित बदलांवरून, एका शब्दात जे झाले ते त्याच जातीच्या दहा शब्दांत झालेले दाखवता आले तर. म्हणून फारसीच्या बाजूने शोध घेतला. अर्वाचीन फारसीच्या आधीची, सासानी राजवटीतली, म्हणजे इ. स. 224 ते 651 या काळातली भाषा मध्य फारसी किंवा पहलवी या नावाने ओळखली जाते. त्या भाषेत मुलाला किंवा पिल्लाला वच्चग म्हणत. पुढे शब्दाच्या आरंभीच्या व चा ब झाला, शेवटचा ग गळून पडला आणि बच्चे, बच्चा हे रूप उरले. हा बदल एकट्या या शब्दात झाला असता तर शंका घ्यायला जागा होती. पण आपण रोज वापरतो तो बाजार मध्य फारसीत वाझार होता. बदाम वादाम होता. बहार वहार होती. बर्फाचे जुने रूप वफ्र होते. पुरे या अर्थाने आपण जे बस म्हणतो ते वस होते. फारसीत वाऱ्याला बाद म्हणतात, तो जुना वाद आहे, आणि त्याचा सख्खा भाऊ आपला वात. इतक्या साऱ्या शब्दांचा व एकाच वेळी ब झाला आहे आणि त्यांच्याच रांगेत बच्चा उभा आहे.

वच्चग आणि संस्कृतातला वत्स हे एकाच मुळातले शब्द आहेत, असे भाषाशास्त्र सांगते. इराणी आणि भारतीय आर्यभाषा फार जुन्या काळी एकच होत्या. त्या वेगळ्या झाल्या तेव्हा प्रत्येकीने आपापल्या गाठोड्यात हा शब्द नेला. एकीकडे तो वच्चग झाला, दुसरीकडे वत्स राहिला.

आता आपल्या बाजूने वत्सचे काय झाले ते पाहायचे. प्राकृतात तो वच्छ झाला. हिंदीने व चा ब केला, शेवटी लघुत्वाचा ड जोडला आणि बछड़ा हा शब्द केला. मराठीने व ठेवला, पण च्छ ठेवला नाही. मराठी भाषा प्राकृतातल्या च्छ चा नेमाने स किंवा श करते. मत्स्यचे मच्छ आणि मग मासा, जिथे हिंदीत मछली आहे. पृच्छेपासून हिंदीत पूछना, मराठीत पुसणे. मक्षिकेची माशी, इक्षूचा ऊस, कुक्षीची कूस, छायेची सावली. त्याच वाटेने वच्छचे वास झाले आणि वत्सरूप या शब्दाचे वासरू. शेवटी जो रू ऐकू येतो तो झिजलेला रूप हा शब्द आहे. पाखरू, मेंढरू यांच्याही शेपटाला तोच आहे आणि त्याच वळणावर आपण लेकरू आणि कोकरू म्हणतो. लहानपणाची, नाजूकपणाची एक छटा त्या रू ने मराठीत आणली आहे आणि तो उच्चारताना ओठांचा जो चंबू होतो तोही मला त्या अर्थाचाच भाग वाटत आला आहे.

म्हणजे त्या दुपारी आईने उसना म्हणून बाजूला सारलेला शब्द आणि त्याच दमात तिने स्वतः वापरलेला शब्द, हे दोन्ही एकाच शब्दाचे दोन अवतार होते. मी बच्चा म्हणाले होते, ती वासरू म्हणाली होती, आणि आम्ही दोघी वत्सच म्हणत होतो. कागदावरची ती दोन रूपे पाहून मला झालेला आनंद कुणाला तरी लगेच सांगावासा वाटला, पण घरात लेक झोपली होती आणि आईही.

फारसीत या शब्दाचा संसार मोठा आहे. इराणमध्ये तू कुठला, असे विचारायचे झाल्यास बोलीत विचारतात, बच्चे-ए-कुजाई, म्हणजे शब्दशः तू कुठले लेकरू आहेस. तेहरानमध्ये वाढलेला साठीचा गृहस्थही स्वतःला तेहरानचा बच्चा म्हणवतो. गाव ही आई आणि माणूस तिचे मूल, ही भावना त्या साध्या प्रश्नात मुरलेली आहे. काबूलकडे बच्चा म्हणजे मुलगा, पुत्र. 1929 साली जानेवारीपासून ऑक्टोबरपर्यंत अफगाणिस्तानच्या गादीवर बसलेल्या हबीबुल्ला कलकानीला लोक बच्चा-ए-सक्का म्हणत, पाणक्याचा पोर. हिणवण्यासाठी दिलेले ते नाव इतिहासात कायम राहिले. राजघराण्यातल्या मुलाला शहजादा म्हणायचे आणि पाणक्याच्या मुलाला बच्चा. दोन्हींचा अर्थ मूल असाच असला तरी उच्चारणाऱ्याची नजर कुणाकडे कशी आहे, ते शब्दाच्या निवडीतून दिसते.

मराठीत आल्यावर त्याचे काय झाले, हा भाग मला सर्वांत मोहक वाटतो. फारसीत व्याकरणिक लिंग नाही. तो, ती, ते असा भेदच त्या भाषेत नाही. असा लिंगभेद न जाणणारा शब्द मराठीत आला आणि मराठीने त्याला तिन्ही लिंगे दिली. बच्चा आला तो पुल्लिंगी, कारण तो आकारान्त होता. मग बच्ची झाली. आणि मग, आपल्या भाषेच्या स्वभावाला धरून, बच्चं झाले. "एवढंसं बच्चं ते, त्याला काय कळतंय" असे कुणी म्हणते तेव्हा मराठीने त्या शब्दाला आपल्या मूल, बाळ, पोर, लेकरू, वासरू, पाखरू या नपुंसकलिंगी घोळक्यात नेऊन बसवलेले असते. लहान जीव अजून मुलगाही नाही आणि मुलगीही नाही, तो ते आहे, ही मराठीची जाण हिंदीत नाही, फारसीतही नाही. घरात कच्चीबच्ची आहेत, असे आपण म्हणतो तेव्हा तर तो शब्द नपुंसकलिंगाच्या अनेकवचनात, मराठी यमकाच्या हाताला धरून चालतो. बच्च्याला, बच्च्यांचे, बच्चेहो, अशा सगळ्या विभक्ती त्याने विनातक्रार स्वीकारल्या आहेत.

अर्थानेही तो इथे वेगवेगळ्या दिशांनी वाढला. मर्दाचा बच्चा म्हटले की छाती फुगते. तो अजून बच्चा आहे म्हटले की अननुभव दिसतो. बच्चमजी म्हटले की समोरच्याला दम दिला जातो, आणि त्या दमातही थोडे लाड शिल्लक असतात. बच्चेकंपनी हा शब्द तर फारसी आणि इंग्रजीच्या जोडणीतून झाला, तरी तो ऐकताना डोळ्यांपुढे येतात ती उन्हाळ्याच्या सुट्टीत जिन्यावर धावणारी आपलीच मुले. चारचौघांत, मोठ्या माणसाविषयी, अपमानासाठी आणि कौतुकासाठी असा हा शब्द वापरला जातो. मात्र तान्ह्या मुलाला छातीशी धरून तो पुटपुटणाऱ्या आया माझ्या पिढीत वाढल्या, असे मला जाणवते. यात हिंदी चित्रपटांचा आणि मालिकांचा वाटा नक्कीच आहे आणि आईला खरे दुखते ते तिथे. एखादा शब्द शेकडो वर्षे शेजारी राहून आत येणे वेगळे आणि पडद्यावरून उतरून तोंडात बसणे वेगळे, असे तिचे म्हणणे. या बाबतीत मी तिच्याशी पूर्णपणे सहमत नाही, पण तिची तक्रार खोटी आहे असेही मला म्हणता येत नाही. मुलासाठी वापरायचे जुने शब्द ऐकू येईनासे झाले तर ते नुकसानच आहे. तान्हे हा एकच शब्द घ्यावा. त्यात दूध आहे, मऊपणा आहे, आईवर सर्वस्वी अवलंबून असणे आहे. तो गेला तर त्याच्या जागी दुसरा आणता येणार नाही.

तरीही उसना म्हणून हाकलायचे ठरवले, तर कुणाकुणाला हाकलणार? आई लेकीला पिल्लू म्हणते आणि त्यात तिला काहीच परके वाटत नाही. पण पिल्लू हा शब्द द्राविड भाषांकडून आलेला आहे. तेलुगूत पिल्ल म्हणजे मूल, तमिळमध्ये पिळ्ळै म्हणजे मूल, आणि दक्षिणेकडचे पिळ्ळै हे आडनाव ते हेच. तमिळ माणूस गणपतीला पिळ्ळैयार म्हणतो, मूल या शब्दाला आदराचा प्रत्यय लावून. पिल्लू इतक्या जुन्या काळी आले की त्याचा पत्ता विचारण्याचे कुणाला सुचले नाही. बच्चा त्या मानाने अलीकडचा, म्हणून त्याच्या कपाळावर फारसीचा शिक्का दिसतो. आणि गंमत अशी की या दोघांत रक्ताने जवळचा बच्चा आहे. पिल्लू खरोखर दुसऱ्या घरातले आहे. बच्चा दूर देशी वाढून परत आलेला भाऊबंद आहे.

इथवरच्या शोधाने माझे समाधान व्हायला हवे होते. पण वत्स म्हणजे तरी काय, हा प्रश्न उरला होता. वासरू, गाईचे मूल, हे खरे. त्याच्याही तळाशी अर्थाचा आणखी एक थर आहे आणि तो थर कळला तेव्हापासून मी तो शब्द पूर्वीसारखा उच्चारूच शकलेले नाही.

वत्स या शब्दाच्या मुळाशी वर्ष आहे. ज्या धातूपासून तो आला त्याचा अर्थच वर्ष असा होता. संस्कृतात वत्सर म्हणजे वर्ष आणि संवत्सर म्हणजे वर्ष. पंचांगात प्रभव, विभव अशी साठ नावे ज्याला लागतात तो संवत्सर याच कुळातला. ग्रीकमध्ये वर्षाला एतोस म्हणतात, तोही. लॅटिनमध्ये वीतुलुस म्हणजे वासरू आणि वेतुस म्हणजे जुना, पुष्कळ वर्षांचा. या वेतुसपासूनच अनुभवी योद्ध्यासाठी वापरला जाणारा व्हेटरन हा शब्द झाला. एकाच मुळातून एका टोकाला बच्चा आणि दुसऱ्या टोकाला व्हेटरन, एकाच्या गाठीशी एक वर्ष आणि दुसऱ्याच्या गाठीशी कित्येक. इंग्रजीत खच्ची केलेल्या मेंढ्याला वेदर म्हणतात, त्याचे मूळही हेच सांगितले जाते. वत्सचा मूळ अर्थ होता वर्षाचा. ज्याने एक वर्ष पाहिले आहे तो.

हा शब्द ज्यांनी घडवला ते गुरे राखणारे लोक होते आणि गुरे राखणाऱ्याला वर्षाचे मोल वेगळ्या रीतीने कळते. आपल्याकडे आजही शेतकरी जनावराचे वय दातांवरून सांगतो. दुधाचे दात असेपर्यंत आदत, दोन दात आले की दुसा, चार आले की चौसा. कालवड, गोऱ्हा, पारडू, रेडकू, शिंगरू, प्रत्येकाला वेगळे नाव. जन्मलेले प्रत्येक वासरू जगते असे नसते. ज्याने सगळे ऋतू एकेकदा अंगावर घेतले, पावसात भिजले, थंडीत कुडकुडले, उन्हाळ्यात चाऱ्यावाचून राहिले आणि तरीही दावणीला उभे आहे, त्या वासराकडे पाहून त्या माणसाने म्हटले असेल, हे वर्षाचे झाले. मग तेच त्याचे नाव झाले. मग माणसाच्या मुलालाही, तितक्याच धास्तीने आणि तितक्याच हायशा जीवाने, तेच म्हटले गेले.

हे मी वाचले ते लेकीच्या पहिल्या वाढदिवसाला चारच दिवस उरले होते तेव्हा. सातव्या महिन्यात तिला झालेला ताप, त्या तीन रात्री, पाण्याच्या पट्ट्या, डॉक्टरांच्या दाराबाहेरचे बाक, हे सगळे डोळ्यांपुढून गेले. वर्ष हा काळाचा हिशेब आहे असे तोवर मी मानत होते. मूल वर्षाचे होते म्हणजे काय होते, ते त्या शब्दाच्या तळाशी कुणीतरी हजारो वर्षांपूर्वी आपल्यासाठी ठेवून दिलेले होते.

वात्सल्य हा शब्दही मग नव्याने ऐकू आला. वत्सल म्हणजे वासराच्या ठिकाणी जीव असलेली. पाणिनीने यासाठी एक स्वतंत्र सूत्र दिले आहे, वत्सांसाभ्यां कामबले. वत्स या शब्दाला ल प्रत्यय लागतो तो स्नेहाच्या अर्थी आणि अंस, म्हणजे खांदा, या शब्दाला लागतो तो बळाच्या अर्थी. एकाच सूत्रात, एका श्वासात, माया आणि ताकद यांचे शब्द व्याकरणकाराने घडवून दाखवले. सूत्र आटोपशीर करण्यासाठी त्याने ते जोडले असतील, दुसरे काही त्याच्या मनात नसेलही. मला मात्र मूल कडेवर घेतलेल्या प्रत्येक बाईकडे पाहताना ते सूत्र आठवते. गोवत्स द्वादशी, जिला आपण वसुबारस म्हणतो आणि जिचे राजस्थानातले भावंड बछबारस या नावाने ओळखले जाते, त्या दिवशी पूजा होते ती एकट्या गाईची नाही. वासरू जवळ असावे लागते.

आईला हे सगळे सांगायला मला आठवडा लागला, कारण मला ते नीट सांगायचे होते. तिने मधे मधे प्रश्न विचारले. बाजार आणि बदाम यांच्यापाशी ती गप्प झाली, मासा आणि पुसणे यांच्यापाशी तिने मान डोलावली, कारण तो नियम तिने स्वतः शिकवला होता. मी संवत्सरापर्यंत आले तेव्हा ती एकदम म्हणाली, "आणि पोरसाल?" गेल्या वर्षाला तिच्या माहेरी पोरसाल म्हणत, त्याच्या आदल्या वर्षाला परारसाल. तिने मला कोश काढायला लावला. पोरसालमधला पोर संस्कृतातल्या परुत् या शब्दावरून आला आहे, परुत् म्हणजे गतवर्षी. परुत् मधला शेवटचा उत् हे वत्सरातल्या त्याच जुन्या मुळाचे आखडलेले रूप आहे. म्हणजे माझ्या आजीच्या ओसरीवर "पोरसाली पाऊस बरा होता" असे कुणी म्हणत असे तेव्हा त्या वाक्यातही बच्चामधले वर्ष लपलेले होते. हा दुवा मला सापडला नव्हता, तो आईने दिला. तिच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे समाधान होते ते मी पूर्वी तिच्या वर्गातली मुले चांगला निबंध लिहीत तेव्हा पाहिले आहे.

त्यानंतर बच्चा या शब्दावरून ती मला बोलली नाही. स्वतः मात्र ती तो वापरत नाही आणि मीही तिने वापरावा अशी अपेक्षा केली नाही. तिचे वासरू, माझा बच्चा, असे घरात दोन्ही चालू राहिले.

लेक आता पाच वर्षांची आहे. मध्यंतरी सकाळच्या वर्तमानपत्रात एका वाघिणीचे छायाचित्र आले होते. पाणवठ्याच्या कडेला ती बसलेली आणि तिच्या पोटाशी तीन पिल्ले. खाली ओळ होती, वाघीण आणि तिचे बछडे. मराठी वर्तमानपत्रांनी हिंदीतले वासरू उचलून ते वाघिणीच्या कुशीत ठेवले, त्याला आता बरीच वर्षे झाली. हिंदी बोलणाऱ्याला बछड़ा म्हटले की गाय आठवते, आपल्याला वाघ. लेकीला अजून वाचता येत नाही. तिने चित्रावर बोट ठेवून तिन्ही पिल्ले मोजली आणि आजीला म्हणाली, "आजी, बघ, वाघिणीची वासरं."

मी हातातले काम थांबवून आईकडे पाहिले. चूक दुरुस्त करण्यासाठी तिने तोंड उघडले होते. मग तिने छायाचित्राखालची ओळ पुन्हा एकदा वाचली, चष्मा काढून कागदावर ठेवला आणि नातीला म्हणाली, "पुन्हा म्हण बघू."